भरीव आवाज

रविवारी दुपारी स्वानंदी तिच्या बाबाच्या पाठीवर लाकडी पळी वाजवत होती आणि मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. रमण हीटरसमोर कार्पेटवर पालथा पडला होता. हिवाळ्यातला हा त्या दोघांचा खेळ. ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या आमच्या भाड्याच्या घरात खिडक्यांच्या काचा आतून घामेजल्या, बाहेर जाणं बंद झालं, की रमणची पाठ आधी घोडा व्हायची, मग रस्ता, मग तबला. ढब, ढब, ढब, असा आवाज येत होता. मग एकदम ठक. माझं लाटणं थांबलं. पुन्हा ढब, ढब, आणि मग पळी डावीकडे खाली घसरली असणार, ठक, ठक. भरीव. तो आवाज कानात शिरला आणि मला बरं वाटलं. विचार करून नाही, विचाराच्या आधीच. दोन महिने रमण खोकत होता, दोन महिने मी त्याच्या खोकल्याभोवती घर आवरत होते, डबे भरत होते, स्वानंदीला किंडीत, म्हणजे बालवाडीत, सोडत होते, आणि आता माझ्या कानांना जे एकमेव शास्त्र येतं ते मला सांगत होतं, की इथं ठीक आहे, इथं आत काही सुटलेलं नाही.

"आई, बाबा हॅज गॉट टू साउंड्स!" स्वानंदी ओरडली.

"हो का गं?"

"येस! लिसन. हिअर ही इज अ ड्रम. अँड हिअर," ठक, "ही इज अ टेबल."

"टेबल चांगलं असतं," मी आतून म्हणाले. "टेबल इज गुड."

"ऐकलंस?" रमण कार्पेटात तोंड खुपसून म्हणाला. "मॅडमनी पास केलं." तो हसला, आणि हसण्याच्या टोकाला खोकला बसलेलाच होता. तो उठून बाथरूममध्ये गेला, दार लावलं, नळ सोडला. नळाच्या आवाजाआड खोकायचं ही त्याची नवी रीत. "नळ बंद कर रे, पाणी जातंय," मी ओरडले. या देशात पाणी आभाळातून येतं, भिंतींतून येतं, गादीच्या खालून येतं, तरी वाहता नळ मला ऐकवत नाही. ओमानचं वाळवंट अजून माझ्यातून गेलेलं नाही.

मला वाजवून कळतं. कळायचं. ओमानमध्ये, समुद्रापासून दोन तास आत, एका कंपनीने आपल्या लोकांसाठी बांधलेली दुमजली घरांची वसाहत होती, आणि ती घरं पंचवीस वर्षांतच आतून सडायला लागली होती. काँक्रीट सडतं म्हटलं की लोकांना हसू येतं. पण मीठ तिथं सगळीकडे होतं, वाळूत, विहिरीच्या पाण्यात, संध्याकाळच्या वाऱ्यात. ते हळूहळू आत उतरतं आणि सळईपर्यंत पोचतं. सळईवर काँक्रीटचा जो थर असतो त्याला साइटवर कव्हर म्हणतात. ते कमी ठेवलं असेल तर लवकर पोचतं. सळई गंजते, गंज फुगतो, आणि वरचा थर आतल्या आत सुटतो. बाहेरून काही दिसत नाही. भिंत तशीच उभी असते, रंग तसाच, खिळ्याला लग्नाचा फोटो, आणि त्याच्या मागे बोटभर पोकळी. म्हणून वाजवत जायचं. छोट्या हातोडीने, हलक्या हाताने, वीतवीत अंतरावर. चांगलं असेल तिथं ठक, भरीव, मनगटाला झिणझिण्या आणणारा. सुटलं असेल तिथं ढप, रिकाम्या पिठाच्या डब्यासारखा. ढप आलं की निळा खडू काढायचा आणि खूण करायची. मग पुढे, मग आणखी पुढे, आणि आवाज बदलला तरी लगेच थांबायचं नाही. चांगला आवाज लागेपर्यंत जायचं आणि मग त्याच्याही पुढे हातभर, कारण रोग नेहमी आवाजाच्या पुढे गेलेला असतो. शेवटी सगळ्या खुणा जोडून त्यांच्याभोवती गोल. गोलाच्या आतलं फोडायचं, गोलाच्या बाहेरचं ठेवायचं.

हे काम मला मिळालं ते माझ्या हुशारीने नाही. मी तिथं भावाकडे राहत होते, पुण्याची सिव्हिलची पदवी बॅगेत होती, आणि सल्लागार कंपनीला एक बाई हवी होती, कारण त्या घरांत दिवसभर बायका असायच्या आणि पुरुष इंजिनिअरला त्या झोपायच्या खोल्यांत येऊ देत नसत. मला येऊ देत. मी शिडीवर चढून त्यांच्या छतांना वाजवायचे, खाली त्या कॉफी आणि खजूर घेऊन उभ्या राहायच्या. एक इजिप्शियन बाई मला दुक्तोरा म्हणायची, डॉक्टरीणबाई. "दुक्तोरा आली," असं तिच्या मुलांना ओरडून सांगायची, आणि मुलं चमचे घेऊन माझ्यामागून खालच्या खालच्या भिंती वाजवत यायची. मी गंभीर चेहऱ्याने विचारायचे, काय निघालं? ती गंभीर चेहऱ्याने मान हलवायची. त्यांच्या मोरीच्या छतावर मी एवढा मोठा गोल काढला होता, की त्या बाईने कपाळाला हात लावला.

आणि रमण फोडायचा. तो कराडचा, दुरुस्तीच्या ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर, म्हणजे कागदोपत्री माझा विरोधी पक्ष. सकाळी उजाडायच्या आधी तो परांचीखाली उभा असायचा, डोक्याला पंचा गुंडाळलेला, आणि मला पाहिलं की पहिला प्रश्न तोच: "मॅडम, किती निघालं?" मी सांगायचे. तो म्हणायचा, "एवढं? मॅडम, तुमचा हात जड आहे. तुम्ही वाजवलंत की चांगलंसुद्धा घाबरून पडतं." मी म्हणायचे, स्वतः वाजवून बघा. तो वाजवायचा, कान लावून ऐकायचा, आणि मग माझ्या गोलाच्या बाहेर स्वतःच आणखी थोडं खडूने वाढवायचा. तेव्हा मला तो आवडला. ठेकेदाराचा माणूस आणि गोल वाढवतो. लग्न झाल्यावरही त्याने मॅडम सोडलं नाही. भाजीत मीठ किती, पगारातलं उरलं किती, बाळंतपणाच्या कळा किती मिनिटांनी, सगळं त्याच एका चालीवर, मॅडम, किती निघालं.

काम पहाटे सुरू व्हायचं कारण दहाच्या पुढे तिथं काँक्रीटला हात लावता यायचा नाही. मसाला कालवायच्या पाण्यात बर्फ टाकायचा. हिरव्या जाळीची सावली बांधायची. भरलेला भाग वाऱ्याने तासाभरात सुकून तडकतो, म्हणून त्याच्यावर लगेच ओलं गोणपाट, त्यावर प्लास्टिक, आणि ते आठवडाभर ओलं ठेवायचं, दिवसातून कितीदा तरी. राजाराम नावाचा नांदेडचा मुकादम होता, तो ही गोणपाटं अशी बदलायचा जशी ताप आलेल्या लेकराच्या कपाळावरची पट्टी. हाताच्या पंजाने चाचपून बघायचा, थंड आहे ना. पाणी टँकरने यायचं आणि मोजून यायचं. ते मसाल्याचं, गोणपाटांचं. फोडताना आणि ग्राइंडरने कापताना पाणी मारायला हवं, धूळ बसते, हे पुस्तकात होतं, आम्हा दोघांनाही पाठ होतं. पण पाणी काँक्रीटला लागायचं. म्हणून ते कोरडंच कापायचे. मी वरच्या मजल्यावर वाजवत असायचे आणि खाली अंगणात पांढरा ढग उभा असायचा, त्यातून ग्राइंडरची किंकाळी यायची, आणि थोड्या वेळाने त्या ढगातून रमण बाहेर यायचा, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, पंचा नाकावर. "मी म्हातारा कसा दिसेन ते बघून ठेवा," असं म्हणायचा. मी बघून ठेवलं आहे. कागदी मास्कचा खोका ऑफिसात होता. पण त्या उन्हात मास्क तोंडावर ओला होऊन चिकटायचा आणि श्वास घेता यायचा नाही, म्हणून सगळे तो गळ्यात लोंबता ठेवत.

रविवारच्या त्या आवाजानंतर मी दोन आठवडे निवांत होते, हे मला आता खरं वाटत नाही. पण होते. खोकला होता आणि खोकल्याला कारणंही भरपूर होती. ऑकलंडमध्ये हिवाळ्यात कोण खोकत नाही? आमच्या बेडरूमच्या छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते, मी ती ब्लीचने पुसते, पंधरा दिवसांत ती परत. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या वासंतीताई ज्येष्ठमध आणि सल्ला घेऊन आल्या. "अगं, ही घरं म्हणजे न पिळलेले टॉवेल आहेत," त्या म्हणाल्या. "वाळवंटातनं आणून ओल्या टॉवेलात गुंडाळलास नवऱ्याला. खोकेल नाहीतर काय भजन म्हणेल?" रमण म्हणाला, "वासंतीताई, भजनही म्हणतो, पण मग तुम्हाला बसावं लागेल." "मी बसते रे, पण तू आधी डॉक्टरकडे जा." "विंटर बग आहे हो. कामावर सगळ्यांना आहे." आणि मी, त्यांच्या कपात चहा ओतत, काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "छाती चांगली आहे त्याची, मी ऐकली आहे."

काम त्याला इथं येऊन वर्षभराने मिळालं होतं, तेही कराडच्या आणि ओमानच्या कागदांकडे कुणी न बघता. घरांचे ड्राइव्हवे आणि गॅरेजच्या लाद्या तोडून नव्या घालणारी एक लहानशी टोळी, त्यात सिओने नावाचा टोंगन गडी मुख्य. पहिल्या दिवशी घरी आला तेव्हा रमणला काय सांगू आणि काय नको असं झालं होतं. "अगं, इथं करवतीला पाणी पाजतात. करवतीला नळी जोडलेली असते. कापताना पाणी चालूच. चिखल होतो नुसता, धूळ म्हणून नाही. मी कोरडंच सुरू केलं तर सिओने ओरडला, हे ब्रो, वॉटर! धावत आला. मला वाटलं, काय पेटलं की काय." तो हसत होता. चहाचा कप तोंडाशी नेला, आणि नेतानेता हसणं कुठेतरी सांडलं. "नळी," तो म्हणाला. "एवढीशी नळी लागते." मग कप खाली ठेवून स्वानंदीला उचलून घेतलं आणि तिच्या जँडल्सची, म्हणजे रबरी चपलांची, वाळू खिडकीबाहेर झटकत बसला, बराच वेळ. त्यानंतर केव्हा तरी नांदेडहून फोन आला. राजाराम गेला. "टीबी झाला म्हणे," रमणने मला सांगितलं, "औषधं अर्धी सोडली असतील." मी म्हणाले, असेल. आम्ही दोघंही इंजिनिअर. दोघांनीही दुसरी शक्यता मांडली नाही. त्या आठवड्यापासून तो नळ सोडून खोकायला लागला, हेही मी तेव्हा जोडलं नाही, किंवा जोडलं आणि खडू खाली ठेवला.

मग एका शनिवारी, कोपऱ्यावरच्या डेअरीतून, इथं किराणा दुकानाला डेअरी म्हणतात, दूध आणि लिंबं घेऊन आम्ही तिघं घरी येत होतो, ऊन पडलं होतं, स्वानंदीने हात वर केले. "अप, बाबा." तो वाकला, तिला खांद्यावर घेतलं, चार पावलं गेला आणि उभा राहिला. मग तिला अगदी सावकाश खाली ठेवलं, दूध ठेवतात तसं, आणि फुटपाथच्या कडेवर बसला. हात गुडघ्यांवर, तोंड उघडं. "अरे, काय झालं?" त्याने एक बोट वर करून थांब अशी खूण केली. स्वानंदी त्याच्याशेजारी बसली, तिनेही हात गुडघ्यांवर ठेवले, तिनेही तोंड उघडलं. तिला तो खेळ वाटला. समोरून गाडीतून जाणाऱ्या एका बाईने वेग कमी करून विचारलं, "यू ओके?" रमणने हात हलवला. मी लिंबांची पिशवी घट्ट धरून उभी होते आणि मला फक्त एवढंच दिसत होतं, की त्याचा शर्ट एकाच बाजूला वर-खाली होतोय. उजवी बाजू हलत होती. डावी बाजू भिंतीसारखी होती.

डोमिनियन रोडवरच्या दवाखान्यातली डॉक्टर आमच्यापेक्षाही लहान असेल. तांबूस केस, नाकावर ठिपके. "किया ओरा, रामन," असा इथला नमस्कार केला. त्याला शर्ट काढून पाठमोरं बसवलं. स्टेथोस्कोप लावला, काढला. मग डाव्या हाताचं मधलं बोट त्याच्या पाठीवर आडवं ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर वाजवायला लागली. लहानपणी आमचे डॉक्टरही असंच करायचे, पण तेव्हा मला हे कान नव्हते. मी खुर्चीत पुढे सरकले. खांद्याखाली, ढब. जरा खाली, ढब. सारख्या अंतरावर येत होती, हात हलका होता, मनगट सैल. माझ्या हाताखाली असती तर मी तिला पहिल्याच दिवशी शिडीवर चढवली असती. उजवीकडे खालपर्यंत ढब. डावीकडे आली, वर ढब, मध्यावर आली, आणि ठक. खाली ठक. आणखी खाली ठक. माझ्या मांडीवर बसलेली स्वानंदी कुजबुजली, "टेबल." आणि मी हसले. सुटकेचं हसले, डॉक्टरकडे बघून, जणू आम्ही दोघी एकाच धंद्यातल्या.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली नाही. पुन्हा तिथंच वाजवलं, मग हळूहळू वर, एकेक बोट वर, आवाज बदलेपर्यंत. "स्टोनी डल," ती स्वतःशी म्हणाली. मग आमच्याकडे वळून, समजावणीच्या आवाजात, की छातीत हवा असते, फुप्फुस हवेने भरलेलं असतं, म्हणून ते पोकळ वाजायला हवं, ड्रमसारखं. इथं मात्र दगडासारखं वाजतंय, म्हणजे हवेच्या जागी काहीतरी साचलंय, बहुतेक पाणी, आणि बरंच. मी तिचं बोलणं ऐकत होते आणि आत कुठेतरी एक आख्खी वसाहत उलटी होत होती, सगळे गोल बाहेरून आत. पोकळ ते चांगलं. भरीव ते गेलेलं. इजिप्शियन बाई कपाळाला हात लावून उभी. टेबल चांगलं असतं, मी म्हणाले होते, पोळी लाटता लाटता, टेबल इज गुड. शाळेतलं पोरही सांगेल फुप्फुसात हवा असते म्हणून. मलाही माहीत होतं. पण माझ्या कानांनी विचारलंच नाही मला.

"व्हॉट डू यू डू फॉर वर्क?" डॉक्टरने विचारलं.

"काँक्रीट," रमण म्हणाला.

"अँड बिफोर दॅट?"

तो शर्टाची बटणं लावत होता. एक बटण चुकलं होतं, सगळा शर्ट तिरका. "काँक्रीट," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, मराठीत, "सांग ना, मॅडम."

हॉस्पिटलात त्याला पलंगाच्या कडेवर टेबलाशी वाकवून बसवलं, हातांवर डोकं ठेवून, दुपारच्या शाळेत पोरं झोपतात तसं. तिथल्या डॉक्टरनेही वाजवलं, यंत्रातूनही पाहिलं, आणि मग निळ्या पेनने पाठीवर एक फुली काढली. सुई घातली. बिनदुधाच्या चहासारखं पिवळं पाणी नळीतून बाटलीत यायला लागलं, बाटली भरली, दुसरी लावली. मी बघत होते आणि मनात नको ते येत होतं, की एवढं पाणी त्याच्याजवळ होतं. पाणी तपासलं. टीबी निघाला, राजारामला झाला तोच. माझ्या आणि स्वानंदीच्या हातावर सुई टोचून पाहिली. आम्ही दोघी ठीक होतो. त्याला औषधं आहेत, गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतील, पण बरा होतो, असं तो वयस्क डॉक्टर म्हणाला, आणि मला त्याच्या हाताचा मुका घ्यावासा वाटला. मग त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवला. पाण्याच्या आड जे होतं ते. दोन्ही बाजूंना, वरच्या भागात, पांढरे ठिपके, मोकळ्या अंगणात वाळू उडून बसावी तसे, आणि एके ठिकाणी ते एकत्र येऊन गाठ झालेली. येताना व्हिसासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये हे बहुधा पुसट असणार, तो म्हणाला, कुणाच्या नजरेत भरलं नसेल. काँक्रीटच्या धुळीने होतं हे, आता वाढलंय. धूळ येणं थांबलं तरी वाढत राहतं.

"कॅन यू टेक इट आउट?" रमणने विचारलं. साइटवर विचारतात तशा आवाजात, किती दिवस लागतील, किती माणसं.

"नो. आय ॲम सॉरी. द डस्ट डझन्ट कम आउट."

रमणने मान हलवली. इंजिनिअरने इंजिनिअरचं म्हणणं मान्य करावं तशी.

गाडी मी चालवत होते, रमण शेजारी. मागच्या सीटवर स्वानंदी हॉस्पिटलातून मिळालेला स्टिकर काचेला चिकटवत होती. सिग्नलला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "कव्हर कमी पडलं, मॅडम." मी हसले, मग मला गाडी बाजूला घ्यावी लागली. "अगं, हळू," तो म्हणाला, "मागून बस येतेय." एका घराच्या ड्राइव्हवेसमोर आम्ही थांबलो. ड्राइव्हवेच्या मध्यभागी जुनं तोडून नवं भरलेलं होतं, पांढरट, स्वच्छ, कडा सरळ. आणि त्या कडेबाहेरच्या जुन्या भागात गंजाचा तांबडा डाग उमटला होता. हे रमणनेच मला कधीतरी शिकवलं होतं. आपण एक जागा फार चांगली करून ठेवतो, तेव्हा गंज मरत नाही, तो शेजारी जाऊन बसतो. आम्ही दोघंही त्या डागाकडे बघत होतो. घर, नोकरी, किंडी, शनिवारची लायब्ररी, स्वानंदीचं इंग्रजी, सगळं किती सरळ कडांनी भरलं होतं आम्ही इथं. "भरणाऱ्याने सळईला प्रायमर मारला नसणार," रमण म्हणाला. "चल. लिंबं संपली आहेत ना, डेअरीत थांबू."

आता गोळ्या चालू आहेत. सकाळच्या गोळ्यांनी त्याची लघवी नारिंगी होते, याचं स्वानंदीला फार कौतुक. सिओने एकदा येऊन गेला, कामावरच्या सगळ्यांकडून मासे घेऊन, आणि दारात उभं राहून इतका वेळ बोलला की त्याला आत यायचं नाही हे आम्हाला कळू नये. त्यालाही रोज काँक्रीटच कापायचं असतं. नळी असली तरी. वासंतीताई येतात, टोमणे मारत नाहीत, आणि तेच जास्त भयंकर आहे. रमण एकदा त्यांना म्हणाला, "ताई, काहीतरी वाईट बोला हो, मला बरं वाटेल," तर त्या डोळे पुसत आत भांडी घासायला गेल्या.

काल दुपारी ऊन होतं. हीटरची गरज नव्हती, पण रमण त्याच्या सवयीच्या जागी येऊन पालथा पडला, शर्ट काढून, खिडकीतलं ऊन पाठीवर घेत. आंघोळी करूनही ती निळी फुली पुरती गेलेली नाही, पुसट उरली आहे. स्वानंदी पळी घेऊन आली आणि माझ्याकडे पाहिलं. विचारून वाजवायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"हाताने," मी म्हणाले. "पळी नको. ये, तुला शिकवते."

मी डावं मधलं बोट त्याच्या पाठीवर ठेवलं, कमरेच्या वर, आणि उजव्या बोटाने वाजवलं. बरीच वर्षं मी काहीच वाजवलं नव्हतं. पाणी काढलं आहे, तरी खाली अजून आवाज बसका आहे, जाड झालंय आतून असं ते म्हणाले होते. एक बोट वर. बसका. आणखी एक बोट. माझ्या मनगटाला सगळं आठवत होतं, किती जोर, किती थांबायचं, आवाज संपेपर्यंत पुढचा ठोका द्यायचा नाही. उजवीकडे गेले. तिथं चांगला होता, पण वर जाता जाता तोही कुठे कुठे अडखळला, की मलाच वाटलं, कारण ते ठिपके वाजवून कळत नाहीत हे मला सांगितलेलं आहे. तरी मी वाजवत होते. चांगला आवाज लागेपर्यंत जायचं. ऊन त्याच्या मणक्यांवरून सरकत होतं. त्याची कातडी गरम होती, आणि तिच्याखाली तो श्वास घेत होता, सावकाश, मोजल्यासारखा.

"मॅडम," तो कार्पेटात म्हणाला, "किती निघालं?"

साइटवर याचं उत्तर मी कधी लपवलं नव्हतं. "थांब, वाजवतेय अजून," मी म्हणाले.

आणि मग लागला. डाव्या खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या बाजूला, ढब. स्वच्छ, हवेचा, रिकाम्या पिठाच्या डब्यासारखा. मी पुन्हा वाजवलं. ढब. स्वानंदीने कान लावला. "ड्रम," ती म्हणाली, हळू. मी वाजवणं थांबवलं आणि तिथं पंजा उघडून ठेवला. हाताखाली तो वर येत होता, खाली जात होता. मला हात उचलता येईना. स्वानंदी धावत गेली, तिच्या फुटपाथवर चित्रं काढायच्या खडूंचा डबा घेऊन आली, किंडीत शिकवतात तसा माझा हात तिने दुसऱ्या हाताने दाबून धरला आणि त्याच्याभोवती निळ्या खडूने रेघ काढायला लागली. अंगठ्याजवळून वर, बोटांच्या मधून खाली, पुन्हा वर, जीभ दातांत धरून.

"गुदगुल्या होतात," रमण म्हणाला. "काय काढताय दोघी?"

"डोन्ट मूव्ह, बाबा."

तो हलला नाही. तिने रेघ मनगटापाशी आणून जोडली. मी बघितलं, माझ्या हाताएवढी जागा होती, आणि तिच्या बाहेर, चारी बाजूंनी, त्याची ती एवढी मोठी पाठ.